लॅब, म्हणजे लॅब्रेडोर कुत्रा, घरी आणलायस ना, मग हे वाच

अरे, पिल्लाचा फोटो बघितला, काय ते मोठ्ठाले पंजे! खूप आनंद झाला, आणि थोडी काळजीपण वाटली म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी वजन. लॅब सारखा भुकेलेला असतो आणि ते काही नाटक नसतं. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना कळलं की साधारण चारातल्या एका लॅबच्या पीओएमसी नावाच्या जीनमधला एक तुकडाच गायब असतो, त्यामुळे त्याची भूक लवकर शमतच नाही. त्यामुळे आवर घालायचा तो तूच. मी माझ्या पहिल्या कुत्र्याला नाही घातला. चहाबरोबर बिस्कीट, आईकडून तूप लावलेली पोळी, येणारा-जाणारा पण काहीतरी द्यायचा आणि सगळे म्हणायचे कसला गुबगुबीत आहे! 44 किलो झाला. नराचं वजन 29 ते 36 किलो पुरे असतं रे. सातव्या वर्षी उठताना कण्हायला लागला, एक्स-रे काढला तर हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा गोळा खोबणीत नीट बसत नाही. हा आजार बराचसा आईबापाकडून येतो, पण जाडीने दुखणं वाढतं. शेवटची दोन वर्षं पोटाखाली टॉवेल घालून त्याला जिना उतरवायचो.

2002 साली एक अभ्यास आला होता, 48 लॅब जन्मभर बघितले, त्यात 25 टक्के कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, आणि संधिवातपण उशिरा झाला. म्हणून मोजूनच दे, पाठीवरून हात फिरवलास की बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. आणि कॅल्शियमची पावडर कोणी कितीही सांगू दे, पिल्लांच्या खाण्यात ते असतंच, वरून दिलं तर हाडं बिघडतात.

गुळगुळीत टाइल्सवर मॅट टाक, पिल्लू घसरतं. कान लोंबते म्हणून आंघोळीनंतर कोरडे कर, वास आला किंवा सारखा खाजवायला लागला तर डॉक्टरकडे ने. पावसाळ्यात गोचीड रोज बघ, कानात आणि बोटांच्या मध्ये. खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर उद्यावर ढकलू नकोस, त्याच दिवशी रक्त तपासून घे, टिक फिव्हर, म्हणजे गोचीड चावून येणारा ताप, असेल तर प्लेटलेट्स भराभर खाली येतात.

रविवारी त्याला घेऊन ये, वजनकाटा आहे माझ्याकडे. बिस्कीट मात्र मागू नकोस.