आई-बाबांना घेऊन पार्क ग्वेल पाहायचंय. किती वेळ ठेवू, कुठून शिरू?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीनंतर आई-बाबांसोबत नाशिकहून बार्सिलोनाला निघालात, आईंचे गुडघे दुखतात आणि हाताशी चारच दिवस आहेत. मग पार्क ग्वेलला, म्हणजे गाउदी या वास्तुकाराच्या बागेला अर्धा दिवस द्यावा, की बाहेरूनच पाहून पुढे जावं? अर्धा दिवस द्याच.

मीही नाशिकचाच. सिडको, इंदिरानगर भागात गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. गेल्या वर्षी आईला घेऊन तिथे गेलो होतो.

आधी गुडघ्यांचं सांगतो, कारण आमची चूक तिथेच झाली. मेट्रोच्या ३ नंबरच्या लाइनवर लेसेप्सला उतरलो. पायी पंधरा-वीस मिनिटं, असं वाचलं होतं. पण तो सगळा चढ आहे. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना आई जशी दर दहा पायऱ्यांवर थांबते, तशी थांबत थांबत गेली. तिकिटावर जी वेळ असते तिच्यापासून अर्ध्या तासात आत शिरावं लागतं. आम्ही कसेबसे वेळेत पोचलो, पण पुढचा तासभर आई एका जागेवरून उठली नाही. वायकार्का स्टेशनकडून उघड्यावरचे सरकते जिने आहेत, तरी तिकडूनही थोडं चढावं लागतंच. तुम्ही सरळ २४ नंबरची बस घ्या. ती शहरातल्या प्लासा दे कातालुन्या या चौकातून मिळते आणि कार्मेल रस्त्याच्या फाटकाशी सोडते. तिथून आत जायला चढ जवळजवळ नाही.

तिकीट घरूनच, बागेच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढा. दर वेळेला ठरावीक माणसंच आत सोडतात, त्यामुळे आयत्या वेळी मिळेलच असं नाही. सकाळची पहिली वेळ घ्या. एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत येता येत नाही, म्हणून पाणी आणि थोडं खाणं सोबत असू द्या. गर्दीत पाकीट-मोबाइल सांभाळा. व्हिसासाठी अर्ज केंद्रावर जावं लागेल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा दिवाळीची वाट बघू नका.

आता आत काय बघायचं ते. ही जागा मुळात बाग नव्हतीच, ते प्लॉटिंग होतं. एउसेबी ग्वेल नावाच्या उद्योगपतीने शहराबाहेरच्या उघड्या टेकडीवर श्रीमंतांसाठी साठेक बंगल्यांची वसाहत काढायचं ठरवलं आणि १९०० साली काम गाउदीकडे दिलं. पाथर्डी फाट्यापलीकडे लेआउट पडतात ना, तसंच. रस्ते झाले, फाटक झालं, बाजारासाठी मंडप झाला, पण घरं उभी राहिली दोनच. टेकडी शहरापासून लांब, जायला-यायला सोय नाही, बांधकामाच्या अटी कडक. १९१४ साली काम थांबलं. त्या दोनांतल्या एका घरात गाउदी स्वतः जवळजवळ वीस वर्षं राहिला. आज तिथे त्याचं संग्रहालय आहे. पुढे नगरपालिकेने जागा विकत घेतली आणि १९२६ साली ती सगळ्यांसाठी उघडली. त्याच वर्षी ट्रामच्या धडकेत गाउदी गेला.

फोटो सगळे काढतात ते पायऱ्यांवरच्या रंगीत सरड्याचे आणि वरच्या मैदानाभोवतीच्या नागमोडी बाकाचे. बाक शंभर मीटरहून लांब आहे. त्यावरचं फुटक्या फरशांचं काम बरंचसं जोसेप मारिया जुजोल या गाउदीच्या सहकाऱ्याचं. तिथे या कामाला त्रेंकादीस म्हणतात. आपण गच्चीवर चायना मोझॅक करतो, तेच हे. गच्ची आणि कठड्याच्या सांध्यातली गोलाई भरायला आम्हाला फरशी फोडावीच लागते, कारण अख्खी फरशी वळत नाही. तिथे तर सगळंच वळलेलं आहे. मी बराच वेळ नुसते सांधे बघत बसलो. आई म्हणाली, "हे तर तुझंच काम की रे!" इतकी वर्षं मी काय करतो ते तिला त्या बाकावर बसून कळलं, याचा मला फार आनंद झाला.

पण खरी करामत डोळ्यांना दिसत नाही. त्या मैदानावर फरशी नाही, दाबून बसवलेली माती आहे. पावसाचं पाणी त्या मातीतून आणि खालच्या थरांतून झिरपत गाळलं जातं, खालच्या मंडपाच्या खांबांच्या पोटातून उतरतं आणि तळाच्या टाकीत साठतं. खांब ८६ आहेत आणि टाकी १२०० घनमीटरची, म्हणजे बारा लाख लिटर. दहा हजार लिटरचे एकशेवीस टँकर. टाकी भरली की जास्तीचं पाणी त्या सरड्याच्या तोंडातून बाहेर पडावं, अशी योजना होती. नळावर उभ्या राहिलेल्या बायकांच्या रांगा बघत वाढलेल्या माझ्या आईला कुठल्याही नक्षीपेक्षा हे जास्त आवडलं. गच्चीवर पडलेलं पाणी पाइपाने गटारात सोडण्यात आम्ही आयुष्य घालवतो आणि या माणसाने शंभर वर्षांपूर्वी ते साठवायची पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी सोय करून ठेवली!

म्हणून मैदानावरून घाईने खाली उतरू नका. आईंना आधी बाकावर बसवा. समोर शहर आणि त्याच्या पलीकडे समुद्र दिसतो. मग मंडपात जा आणि मान वर करून छत बघा. मधले काही खांब मुद्दाम गाळलेत आणि त्या जागी छतात जुजोलची मोठी रंगीत चक्रं बसवलीत. नंतर तिरक्या खांबांच्या दगडी वाटा फिरा. दगड तिथलाच, टेकडीतून निघालेला. सगळ्यात वरच्या तीन क्रुसांच्या उंचवट्यावर आईंना नेऊ नका. बाबांना हौस असेल तर तुम्ही दोघे जाऊन या.

आणि त्या दिवशी पाऊस आलाच, तर परत फिरू नका. सगळे आडोशाला पळतील तेव्हा तुम्ही मंडपात जा आणि आईंना एखाद्या खांबाला हात लावून उभं राहायला सांगा. वरच्या मैदानावर पडलेलं पाणी त्याच खांबांच्या आतून खाली उतरत असेल.