पाजताना दुखतंय ना, माय?

माझाही पहिला आठवडा असाच गेला, लातूरला माहेरी, बाजेवर रडत. बहुतेकदा पकड चुकलेली असते. नुसतं बोंड तोंडात देऊ नको. लेकरानं मोठा आ केला की भोवतीचा काळा भागही आत जाऊ दे, हनुवटी छातीला टेकू दे. सोडवताना ओढू नको. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी सरकव, अलगद सुटतं.

"दूधच येईना" म्हणतील. पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, थोडाच, पण तेवढा पुरतो. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाज. पाचव्या दिवसानंतर रोज 6 तरी लंगोट ओले होत असतील तर काळजी नाही. मध, घुटी चाटवू देऊ नको. छाती लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, पाजणं मात्र चालू ठेव.

इतकं करूनही जमेना, किंवा तुझं मनच नाही, तर डॉक्टरांना विचारून डब्याचं दूध दे. माझी धाकटी त्यावरच वाढली. तेव्हा ऐकलेले टोमणे मला अजून आठवतात, म्हणून सांगते: अंग तुझं आहे, कोणाची परवानगी मागू नको. फक्त पाणी उकळलेलं घे, माप डब्यावर लिहिलंय तेवढंच, आणि वजनाला आशाताईला बोलावत जा.