घरच्या टेस्टिंगसाठी स्वस्तातली स्पार्कलिंग आणि डेझर्ट वाइन कोणती घ्यावी? शेवटी श्रीखंड ठेवलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. श्रीखंड ठेवू नका. खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसले.

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. आमची बाग वाइनच्या द्राक्षांची. एका वर्षी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाच्या जातीचा एक तुकडा लेट हार्वेस्टसाठी राखला. म्हणजे काय, तर स्पार्कलिंगचा, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनचा माल 18-19 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप), आंबटपणा शाबूत असताना जानेवारीतच खुडतात. हा मात्र साखर 28 च्या पुढे जाईपर्यंत वेलीवरच ठेवायचा. शेजारपाजारच्या बागा रिकाम्या झाल्या, तरी आमचे घड मार्चअखेरपर्यंत लटकलेले. पाखरांसाठी जाळी, मधमाश्या, आणि रोज संध्याकाळी अण्णांची नजर आभाळाकडे, कारण एक अवकाळी आली की सगळं गेलं. मणी सुरकुततात, वजन उतरतं. एरवी दोन टन देणाऱ्या त्या तुकड्यात सव्वा टनही भरला नाही. गोड वाइन अर्ध्या बाटलीत येते आणि तरी महाग का, असं कुणी विचारलं की मला तो तुकडा आठवतो.

पुढे पुण्याला सासरी मी एक टेस्टिंग ठेवलं. अण्णा मुद्दाम आले होते. थोरल्या दिरांनी विमानतळावरून प्रोसेको, म्हणजे इटलीची स्पार्कलिंग आणली होती. सगळं ठीक चाललं होतं. शेवटी मी त्याच जातीची, नाशिकचीच लेट हार्वेस्ट काढली आणि हौसेनं सोबत आम्रखंड वाढलं. आम्रखंडाचा चमचा तोंडात, त्यावर वाइनचा घोट. आंबट आणि पाणचट लागली. दीर म्हणाले, "अण्णा, तुमच्याकडची द्राक्षं खायलाच बरी. वाइन करावी ती तिकडच्या लोकांनी." अण्णा काही बोलले नाहीत. पेला तसाच ठेवून ते हात धुवायला उठले.

चूक वाइनची नव्हती, माझी होती. गोड वाइन ही सोबतच्या पदार्थापेक्षा गोड असावी लागते, नाहीतर पदार्थ तिची साखर झाकून टाकतो आणि मागे नुसता आंबटपणा उरतो. श्रीखंड, गुलाबजाम, जिलेबी यांच्यापुढे जगातली महागडी गोड वाइनही टिकणार नाही. खारवलेले काजू, जुनं चीज किंवा नुसती पिकलेली पपई ठेवा. हे त्या रात्री मला माहीत असतं, तर दिरांना तिथेच उत्तर देता आलं असतं.

आता बाटल्या. स्पार्कलिंगमध्ये सुला ब्रूट आणि यॉर्कची ब्रूट (ब्रूट म्हणजे गोडवा जवळपास नसलेली) शेजारी शेजारी ठेवा. थोडे जास्त पैसे असतील तर दिंडोरीतच होणारी शाँदों. अकलूजकडची फ्रातेल्लीही चालेल. बुडबुडे आणणारं दुसरं आंबवण बाटलीतच होऊन तयार झालेली वाइन या पैशांत मिळते, आणि लोक टाकीत बुडबुडे आणलेली प्रोसेको केवळ परदेशी म्हणून घेतात, हे मला पटत नाही. आयात वाइनवर कित्येक वर्षं दीडशे टक्के शुल्क होतं. त्या बाटलीची किंमत म्हणजे तिची चव नव्हे. बाटलीवर 'एक्स्ट्रा ड्राय' दिसलं तर फसू नका, ती ब्रूटपेक्षा गोड असते. सोबत साबुदाणा वडा किंवा कांदा भजी द्या. तळलेलं आणि खारट खाल्ल्यावर ब्रूटचा आंबटपणा तोंड लख्ख करतो.

डेझर्टसाठी सुला किंवा रेव्हिलोची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ. स्पार्कलिंगच्या 750 मिलीच्या बाटलीत 12 जणांना प्रत्येकी 60 मिली होते, गोडच्या 375 च्या बाटलीत 30. टेस्टिंगला तेवढी पुरते. म्हणजे स्पार्कलिंगच्या दोन-तीन आणि गोडची एक, यापेक्षा जास्त खर्च करू नका. क्रम नेहमी कोरड्याकडून, म्हणजे गोड नसलेलीकडून, गोडाकडे. स्पार्कलिंग चांगली गार करा, सहा ते आठ अंशांपर्यंत. कोमट असली तर उघडताना अर्धी जमिनीवर जाते.

बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून नुसते आकडे टाका. घरात कुणी लेबल बघून मत देणारं असेल तर हे नक्की करा. आमच्याकडे केलं नाही, अजून सलतं.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं महाराष्ट्रातल्या किमती धरून लिहिलंय. 2001 च्या धोरणात राज्यानं इथल्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली होती. दुसऱ्या राज्यात हीच बाटली बरीच महाग पडू शकते. शिवाय लेट हार्वेस्ट प्रत्येक दुकानात नसते, चार दिवस आधी सांगून ठेवा. आणि दुकानदारानं उन्हातल्या काचेत उभी ठेवलेली बाटली दिली तर घेऊ नका, आतली मागा.