बोटांखाली टॉवेल

या वेळी तीनच पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण तो प्रश्न माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आठवड्यातून चारदा तरी ऐकते.

प्रश्न : मॅडम, वय ४७. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. ११ वर्षं कोजागरीला तुळजापूरला चालत जातो. गेल्या वर्षी जाऊन आलो तेव्हापासून डावी टाच धरली आहे. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळा घुसल्यासारखं होतं, चार पावलं टाकली की कमी होतं. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलंय म्हणाले. दोन इंजेक्शनं झाली. एका ठिकाणी १० दिवस मशीन लावलं, रोजचे २०० रुपये. रुईचं पान विटेवर तापवून शेकूनही झालं. आता मेहुणा म्हणतो फिजिओथेरपिस्टकडं पर्सनल सिटिंग घे, म्हणजे एकट्याला वेळ देऊन शिकवतात. एका सिटिंगचे ५००! तिथं मशीनही नाही म्हणे, नुसते व्यायाम. व्यायामाला ५०० कशाला ओ? आणि यंदा कोजागरीला जायला जमेल का?

उत्तर : दादा, आधी त्या वाढलेल्या हाडाचं बोलू, कारण तुमची निम्मी भीती तिथं आहे. टाचेचा तो काटा अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही दिसतो. तुमचं दुखणं बहुतेक तळव्याच्या जाड पडद्याचं आहे. टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला हा पट्टा जिथं टाचेला चिकटतो, तिथं तो कुरकुरतोय. सकाळची पहिली पावलं वाईट आणि नंतर सैल, ही त्याची ओळखीची खूण. मात्र टाच रात्री झोपेतही ठणकत असेल, सुजत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर पुढचं वाचू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

शेकानं आराम पडतो, मशीननंही पडतो, रुईच्या पानाला मी नावं ठेवणार नाही. माझी आई आजही वीट तापवते. पण १० दिवस पालथं पडून राहिल्यानं पट्टा मजबूत झाला नाही, आणि तुम्हाला त्याच पट्ट्यावर ४५ किलोमीटर जायचं आहे. माझे वडील लूमवर जॉबर होते, म्हणजे माग नीट चालतोय ना ते बघणारे. धागा सारखा तुटायला लागला की ते बीमचा, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेल्या रुळाचा, ताण बघायचे. ताण फार झाला तर धागा तुटतो, सैल पडला तरी कापड बिघडतं. त्यांच्यामागं उभं राहून मी जे बघितलं, तेच आता लोकांच्या पायांवर करते.

आता गंमत बघा. तुमचं औषध तुमच्याच कारखान्यात तयार होतं. हात पुसायचा छोटा टॉवेल घट्ट गुंडाळा आणि जिन्याच्या पायरीच्या कडेवर ठेवा. पायाची बोटं टॉवेलवर चढवा, टाच पायरीबाहेर, हात कठड्याला. एका पायावर ३ सेकंदांत टाच वर न्या, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली सोडा. बोटं वर उचललेली असली की तळव्याचा पट्टा रहाटाला दोर गुंडाळावा तसा ताणला जातो. हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९५४ साली ही यंत्रणा सांगितली होती. टॉवेल काढला तर तो व्यायाम नुसता पोटरीचा राहतो.

डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर केलेली याची चाचणी २०१५ साली छापून आली. काहींना नुसतं ताणणं दिलं, काहींना हा टॉवेलचा व्यायाम. तीन महिन्यांनी टॉवेलवाले स्पष्ट पुढं होते. वर्षानं दोन्ही गट जवळजवळ सारखेच, हेही सांगायला हवं. पण तुमची कोजागरी वर्षभर थांबणार नाही. त्यांचं वेळापत्रक असं : एक दिवसाआड करायचं. सुरुवातीला १२ वेळा असे ३ फेरे. दोन आठवड्यांनी पाठीवर सॅक घेऊन १० वेळा असे ४ फेरे. चार आठवड्यांनंतर वजन आणखी वाढवून ८ वेळा असे ५ फेरे. सॅकमध्ये पुस्तकं टाका, नाहीतर मंगळवेढ्याची ज्वारी. बारावी वेळ अगदी सहज झाली तर वजन कमी पडतंय असं समजा.

करताना दुखेल. दहापैकी चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल कालच्याइतकंच असलं, तर चालू ठेवा. सकाळ जास्त वाईट गेली तर एक फेरा कमी करा. पण बंद करू नका.

तुम्ही म्हणाल, सगळं इथंच सांगितलं, मग ५०० कशाला? मागच्या वर्षी तुमच्यासारखेच एक गृहस्थ आले. मोबाइलवर व्हिडिओ बघून दोन महिने हाच व्यायाम करत होते, फरक शून्य. मी खाली बसून त्यांची टाच बघितली. वर जाताना ते दर वेळी करंगळीच्या बाजूला कलत होते, अंगठ्यावर भारच नव्हता. त्यांचं तोंड भिंतीकडं, त्यांना ते दिसणार कसं? ते दुरुस्त झालं तेव्हा कुठं गाडी हलली. आणखी एक गोष्ट सांगते. पहिल्या पाऊण तासातला निम्मा वेळ मी नुसती विचारते : फरशीवर किती तास उभे असता, चप्पल कसली, घरात अनवाणी का, जिने किती. एका वेळी चार पलंगांवर चार माणसं असली की हे विचारायला सवड कुणाला असते?

पण माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगते, रोज यायची गरज नाही. चार महिन्यांत ६ सिटिंग बास. ३,००० रुपये होतात. कुणी पहिल्याच दिवशी २० सिटिंगचं पॅकेज पुढं केलं तर चहा पिऊन परत या. आणि प्रत्येकाला एकट्यालाच शिकवावं लागतं असंही नाही. त्याच डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघ्यांची झीज झालेल्या लोकांना गटात व्यायाम शिकवतात आणि त्यांना फायदा होतो. इंजेक्शनं मात्र दोन झाली आहेत. तिसरं घ्यायच्या आधी डॉक्टरांना नीट विचारा. वारंवार घेतल्यानं पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो.

कोजागरी ऑक्टोबरात, तुमच्या हातात साडेतीन महिने आहेत. आत्ता न दुखता जेवढं चालता येतं तेवढ्यापासून सुरुवात करा, समजा ३ किलोमीटर. आठवड्यातून एकदाच लांबचं चालणं, दर वेळी थोडं वाढवत सप्टेंबरअखेर २५ पर्यंत न्या. रूपाभवानीच्या देवळापासून निघून तळे हिप्परग्यापर्यंत बूट घालून एकदा जाऊन या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाच काय म्हणते ते मला कळवा. अनवाणी जायचा नवस असेल तर त्यात मी पडत नाही. एवढंच म्हणते की यंदा घाटाच्या पायथ्यापर्यंत बूट राहू द्या आणि तिथून पुढं हातात घ्या. वाटेतल्या तामलवाडीत पोचताना टाच दहापैकी पाचच्या वर ठणकत असेल तर तिथंच थांबा. त्या दिवशी वाहतूक वळवलेली असते, म्हणून मेहुण्याला गाडीचं आधीच सांगून ठेवा. सल्ला त्यानंच दिला होता ना!

प्रश्न : वय ५३, आठ वर्षांपासून शुगर आहे. घरी कडक भाकरीचा व्यवसाय आहे. चार महिने झाले, उजवा खांदा वर जात नाही. पाठीमागं हात नेता येत नाही, त्या कुशीवर झोप नाही. मुलगी रोज हात ओढून वर करते, रडू येतं. शेजारीण म्हणते ओढलं की सुटतो. खरं का?

उत्तर : ताई, मुलीला आजपासून ओढणं बंद करायला सांगा. तिची माया कळते, पण दुखऱ्या काळात ओढलेला खांदा आणखी चिडतो. एक करून बघा. दोन्ही कोपरं कुशीला चिकटवून काटकोनात वाकवा आणि मुलीला तुमचे पंजे हलकेच बाहेर वळवू द्या. डावा वळला आणि उजवा लाकडासारखा अडला, तर खांदा आखडलाय. सांध्याभोवतीचं आवरण आवळतं. शुगर असलेल्यांना हे जास्त होतं. एक एक्स-रे काढून घ्या, दुसरं काही नाही याची खात्री होते. डॉक्टर इंजेक्शन सुचवतील. सुरुवातीच्या ठणक्यात ते उपयोगी पडतं, पण काही दिवस शुगर वर जाते, तेव्हा ती मोजत राहा.

तुमच्या खांद्याला मात्र समोर बसून बघणारं माणूसच हवं. ठणका कुठल्या आठवड्यात ओसरला आणि ताणायला कधी सुरुवात करायची, हे पत्रातून कळत नाही. बरं व्हायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं, हे आत्ताच सांगितलेलं बरं. तोवर भाकरी थापताना ओट्याजवळ पाट ठेवून त्यावर उभ्या राहा. ओटा उंच पडला की खांदा कानापर्यंत चढतो, आणि दिवसाला शंभर भाकरी म्हणजे शंभरदा चढतो.

प्रश्न : वय २८. एप्रिलमध्ये चादरींचा गठ्ठा उचलताना कंबर लचकली. एमआरआयमध्ये दोन गाद्या सरकल्या आहेत. जन्मात वजन उचलू नको म्हणाले. आमच्या घरात गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, नंदीध्वजाची उंच काठी धरायची परंपरा आहे. ती माझ्यापासून बंद?

उत्तर : तू माझ्या भाच्याच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते. आधी महत्त्वाचं : लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलात जायचं.

यातलं काही नसेल तर तो कागद ड्रॉवरमध्ये ठेव. कंबर न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे अहवाल एकत्र करून २०१५ साली छापले गेले. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती, तिशीत ४० टक्के. ऐंशीच्या घरात ८४. त्यांना कुणालाच दुखत नव्हतं. पाठीचा कागद आणि पाठीचं दुखणं एकमेकांना विचारून चालत नाहीत. ‘जन्मात उचलू नको’ हे वाक्य ऐकून घाबरलेली, ताठ धरून वापरलेली कंबर मी रोज बघते, आणि ती वजन उचलणारीपेक्षा जास्त दुखते.

पायात उतरणारी कळ थांबली असेल तर जवळच्या फिजिओथेरपिस्टसमोर ५ किलोपासून उचलायला सुरुवात कर. दोन आठवड्यांनी थोडं वाढव. गठ्ठा उचलायला लागशील तेव्हा नंदीध्वजाच्या काठीचा विचार करू. काठीत नुसतं वजन नसतं, ती डुलते आणि तोल सावरायला कंबर झटकन वळते, म्हणून वळण्याचा सरावही वेगळा लागेल. संक्रांतीला अजून वेळ आहे. सराव सुरू झाला की पहिल्या दिवशी मंडळातल्या मोठ्यांना सांगून चार पावलंच धर, आणि कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांग. समोरून नको, बाजूनं काढलेला हवा.