माळा साफ करताना लागलेला दम पंपाने थांबला, मग रात्री पुन्हा का लागला?

दुपारी माळ्यावरच्या गाद्या झटकल्या, दम लागला, पंपाचे दोन झटके घेतल्यावर अर्ध्या तासात बरं वाटलं आणि रात्री पुन्हा छातीत घरघर, हे तुम्ही लिहिलंय ते अगदी आमच्या लालबागच्या खोलीतलं. गणपतीआधी माळा माझ्याकडे असायचा. रात्री मी उठून बसले की आई म्हणायची, "दुपारी तर बरी होतीस!" पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा कळलं, मी बरी झालेच नव्हते.

गाद्या-गोधड्यांत धूळकिडे असतात, जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचे. ते चावत नाहीत, आपल्या कातडीचा कोंडा खातात. पाणी हवेतूनच शोषतात, म्हणजे मुंबईचा पावसाळा त्यांना माहेरासारखा. त्रास देते ती त्यांची विष्ठा. तिच्यातलं एक एन्झाइम श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे कुरतडतं. (झुरळांचं चूर्णही याच कामाचं, चाळीत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको.) ज्यांचा कल ॲलर्जीकडे असतो, त्यांच्या शरीरात विष्ठेतल्या या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात आणि श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर, म्हणजे ॲलर्जीची रसायनं भरून ठेवणाऱ्या पेशींवर, जाऊन बसतात. हे सगळं दम लागण्याच्या कितीतरी आधी, गुपचूप.

ॲलर्जीचा हा दोष एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या अंगात जातो हे १९२१ मध्ये प्राउसनिट्झ या जर्मन डॉक्टरने स्वतःवरच दाखवलं. त्याचा सहकारी क्युस्टनर याला मासे सोसत नसत. त्याचा रक्तद्रव प्राउसनिट्झने आपल्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला आणि गांधी उठली. आयजीई हाती लागायला मात्र १९६० चं दशक उजाडलं.

आता तुमची दुपार. धूळ आत गेली, आयजीईला चिकटली आणि मास्ट पेशी काही मिनिटांत फुटल्यासारख्या रित्या झाल्या. हिस्टामाइन, ल्युकोट्राइन बाहेर पडली, नळीभोवतीचे स्नायू आवळले. पंपातलं साल्बुटामॉल ते स्नायू सैल करतं. बस, तेवढंच करतं.

पण त्याच वेळी रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावणं गेलेलं असतं. त्या साधारण चार ते आठ तासांनी पोचतात, अस्तराला इजा करतात, सूज वाढते, चिकट कफ साठतो. दुपारी तीनला झटकलेली गादी रात्री दहाला बोलते ती अशी. त्यात मध्यरात्रीच्या सुमाराला शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे सूज दाबणारं संप्रेरक, तळाला असतं, आणि साल्बुटामॉलचा असरही तोवर उतरलेला. नळ्या अशा चिडलेल्या असल्या की पुढचे काही दिवस उदबत्तीचा धूर, फोडणीचा खाट, एसीची गार हवा, काहीही पुरतं.

सुजेवर चालतं ते रोज घ्यायचं श्वासातून जाणारं स्टेरॉइड. "सवय लागते" म्हणून मीही ते दोन वर्षं टाळलं, निव्वळ मूर्खपणा. ते लगेच जाणवत नाही म्हणून लोक सोडतात. तुमच्याकडे फक्त तात्पुरता पंप असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि पंप घेऊनही बोलताना वाक्य तुटत असेल, तर सकाळची वाट न बघता थेट इस्पितळ.

आमचा माळा आता भाऊ साफ करतो, नाकाला रुमाल बांधून, ओल्या फडक्याने. मी तेव्हा खाली शिडी धरायलाही उभी राहत नाही.