चढावर मोटिव्हेशन कुठे जातं?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी एक नवी जमात येऊ लागली आहे. चाळिशी ओलांडलेली, महागडी सायकल घेतलेली आणि "सुरुवातीला जोर असतो हो, नंतर टिकत नाही" म्हणणारी. पुण्यात घराबाहेर पडलं की बोपदेव, कात्रज, सिंहगड हाताशीच, त्यामुळे घाटांत सराव करणारे यात बरेच. त्यांच्यातल्या एकाची गोष्ट सांगते. परवानगी घेतली आहे, ओळखीचे तपशील बदलले आहेत.

विमा कंपनीत अधिकारी, वय ४६. घाटांतून जाणारी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची होती. ती साडेतेरा तासांत संपवावी लागते. सरावाला दर रविवारी सिंहगडाच्या तीन फेऱ्या ठरवलेल्या. सलग चार रविवार हे गृहस्थ दुसऱ्या फेरीतूनच घरी.

"मॅडम, आतून येतच नाही."

"काय येत नाही?"

"मोटिव्हेशन."

"संपतं कुठे? जागा सांगा."

ते हसले. मग जरा आठवून म्हणाले, "वनखात्याच्या उपद्रव शुल्काच्या नाक्यापुढे एक वळण आहे, आंब्याचं झाड आहे तिथे." चारही वेळा तेच झाड.

"किती वाजलेले असतात?"

"साडेआठ."

"घरून निघता?"

"साडेपाचला."

"काय खाऊन?"

"चहा घेतो की!"

तीन तास, एक गडाचा चढ आणि कपभर चहा. मी मनाची माणूस, पण पोटाकडे आधी बघते. जोराच्या मेहनतीत शरीरातला साखरेचा साठा दीड-दोन तासांत उतरू लागतो आणि ते आपल्याला 'नको झालंय' अशा भाषेत कळतं. लांबच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. दोन मध्यम केळ्यांत साधारण ५० मिळतात. भूक लागायची वाट बघायची नाही. बाकीचं मी त्यांच्या प्रशिक्षकावर सोपवलं. पुढच्याच रविवारी दुसरी फेरी पुरी झाली. तिथेच कुणी 'केस सुटली' म्हणालं असतं. मी म्हटलं नाही, कारण तिसरी फेरी त्याच झाडाशी अडली.

पुढच्या वेळी मी त्यांना त्या झाडाखालचं मनातलं बोलणं जसंच्या तसं कागदावर लिहायला लावलं. त्यांनी लिहिलं: "पाय भरलेत. अजून बराच चढ आहे. मजा येत नाहीये. म्हणजे मला हे मनापासून नकोच आहे."

मी पेन घेऊन 'म्हणजे' या शब्दाभोवती गोल केला.

"याच्या आधीचं सगळं रस्त्यावर घडलंय. याच्या पुढचं?"

बराच वेळ ते त्या गोलाकडे बघत बसले. मग एकदम म्हणाले, "मॅडम, पुढे अजून एक 'म्हणजे' आहे. म्हणजे मी धरसोडच."

हार्मोनियम दीड वर्ष. कराटे पिवळ्या पट्ट्यापर्यंत. सीए पहिल्या प्रयत्नानंतर सोडलेलं. घरात वडिलांचा शब्द ठरलेला: धरसोड्या. शेहेचाळिसाव्या वर्षी आंब्याच्या झाडाखाली कंटाळा आला, की तोच शब्द कानात. मग मागे फिरणं सोपं वाटायचं, कारण निकाल आधीच लागलेला.

त्या दिवशी मी फारसं काही बोलले नाही. वीस वर्षांत एवढं तरी शिकले, की अशा वेळी गप्प बसावं.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत वाढलेली, ते लपवत नाही. 'मला मजा आलीच पाहिजे' हा हट्ट कंटाळ्यापेक्षा जड असतो, हे मला सतत दिसतं. तासन्‌तास घाट चढताना कंटाळा येणारच, चांगल्या चांगल्यांना येतो. तो घालवण्याच्या नादाला लागू नका, त्याला सोबत घेऊन चढा. आणि मागे फिरायचं की नाही, याचा निर्णय चढावर कधीच घेऊ नका. बाजूला थांबा, पाणी प्या, चिक्की खा, दहा मिनिटं जाऊ द्या, मग ठरवा. परत यावंसं वाटलं तर खुशाल या. तो तुमचा निर्णय असेल, झाडाचा नव्हे. गिअर हलका ठेवा, सोबत्याशी दोन वाक्यं बोलता यावीत इतपतच दम लागू द्या. स्ट्राव्हा या राइड नोंदवणाऱ्या ॲपवर दुसऱ्याचे आकडे बघायचे ते घरी आल्यावर. मात्र छातीत दुखणं, चक्कर, घाबरल्यासारखं होणं यांना कंटाळ्यात मोजू नका. तिथे उतरायचं आणि मदत मागायची, मनाशी चर्चा नको.

(मी स्वतः सिंहगडावर गाडीने जाते, पिठलं-भाकरीसाठी. त्यांनी विचारलं होतं, म्हणून सांगितलं.)

तिसऱ्या फेरीला आणखी तीन रविवार लागले. त्यातल्या एका सकाळी मेसेज आला: "झाडाखाली आहे. 'म्हणजे' आलं. चिक्की खातोय." पाऊण तासाने वरून फोटो आला, त्यात ताकाचा ग्लास आणि धुकं.

बीआरएम झाल्यावर ते भेटायला आले. तेरा तास पन्नास मिनिटं लागली होती. वेळ उलटून वीस मिनिटं झालेली, त्यामुळे अधिकृत नोंद नाही.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे वीस मिनिटं उशीर," ते म्हणाले आणि पुढची तारीख बघायला मोबाइल काढला.