मुंबईत ‘सरकारी कामात अडथळा’ हा गुन्हा दंड भरून मिटतो का?

तुम्ही लिहिलंय की भावाचा टेम्पो कुर्ला स्टेशनबाहेर उभा होता, वाहतूक हवालदाराशी बाचाबाची झाली आणि पोलिसांनी ‘अडथळ्याची केस’ केली. आता ओळखीतलं कुणीतरी सांगतंय, ‘कबूल कर, दंड भर, दहा मिनिटांत मोकळा होशील.’ मी कुर्ला कोर्टात फौजदारी वकिली करते. हा सल्ला मी तिथल्या व्हरांड्यात इतक्या वेळा ऐकलाय की ऐकला की पोटात गोळा येतो. भावाला सांगा, एफआयआरमध्ये कोणतं कलम आहे ते कळेपर्यंत काहीही कबूल करू नकोस.

आपण ‘अडथळा’ म्हणतो त्यात तीन वेगळे गुन्हे येतात. पहिला म्हणजे रस्त्यात वाहन किंवा माल ठेवून वाट अडवणं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८५, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं २८३. त्याला कैद नाहीच, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड. फेरीवाले, हातगाडीवाले, टेम्पोवाले यांच्या अशा केसेस पटापट निकाली निघतात. घटनेपासून सहा महिन्यांत कोर्टाने दखल घेतली नसेल, तर केस मुदतीबाहेर गेली, हा मुद्दाही काढता येतो.

दुसरा, कलम २२१, जुनं १८६. सरकारी नोकराला कर्तव्य बजावताना जाणूनबुजून अडवणं. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास किंवा वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत, आणि जामीनपात्र. यात फार मोलाची अट आहे: त्या सरकारी नोकराने किंवा त्याच्या वरिष्ठाने कोर्टात लेखी तक्रार केल्याशिवाय कोर्टाला दखल घेता येत नाही. ठाण्यात नोंदवलेला एफआयआर म्हणजे ही तक्रार नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या बी. एन. जॉन यांच्या प्रकरणात इतर कारणांबरोबर याही कारणाने कारवाई रद्द केली.

तिसरा गुन्हा म्हणजे ज्याला अख्खी मुंबई अजून ‘तीनशे त्रेपन्न’ म्हणते तो. आता कलम १३२. इथे नुसता वाद पुरत नाही, हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. दोन वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र, अजामीनपात्र. ‘अजामीनपात्र’ ऐकून घरचे घाबरतात. पण त्याचा अर्थ एवढाच, की जामीन हक्क म्हणून ठाण्यातच मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो. मारहाण, जखम नसेल तर तो बहुधा मिळतो. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर मात्र जुनं ३५३ लागतं, आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवून खटला सत्र न्यायालयाकडे दिला होता. तुमची घटना अलीकडची दिसते, म्हणजे केस दंडाधिकाऱ्यांसमोरच राहील.

‘कबूल’ म्हणजे काय, हे कोणी नीट सांगत नाही. माझ्याकडे एक मुलगा आला होता. विमानतळावर सफाईच्या कंत्राटात नोकरी लागत होती, पाससाठी पोलीस पडताळणी झाली आणि चार वर्षांपूर्वीची केस वर आली. धक्काबुक्कीही झाली नव्हती, नुसता आवाज चढला होता. तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून पुकारा झाल्यावर तो ‘कबूल’ म्हणाला, दंड भरून घरी गेला. त्याच्या मते प्रकरण मिटलं होतं. कागदावर तो दोषी ठरला होता. कबुलीवर शिक्षा झाली, की अपील उरलंच तर शिक्षा किती आणि ती कायद्याला धरून आहे का, एवढ्यापुरतंच. ती नोकरी गेली. माझ्याकडे यायला त्याला चार वर्षं उशीर झाला होता, याचं मला अजून वाईट वाटतं.

कलम १३२ असेल तर काय करता येतं? हा समन्स खटला आहे, म्हणजे दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठीची साधी, छोटी पद्धत. पूर्वी अशा खटल्यात आरोप निराधार म्हणून सुरुवातीलाच सुटायची वेगळी तरतूद नव्हती. खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७४ मध्ये ती आली आहे: आरोप निराधार वाटला तर दंडाधिकारी कारणं लिहून आरोपीला मोकळं करू शकतात. म्हणून भावाने गुन्हा कबूल आहे का हे विचारलं जाण्याआधीच वकिलाने त्यासाठी अर्ज द्यावा. एफआयआर शब्दन् शब्द वाचा. ‘हुज्जत घातली’, ‘मोठ्याने बोलला’ एवढंच असेल, हात लावल्याचा उल्लेखच नसेल, तर मुद्दा भक्कम आहे. बी. एन. जॉन प्रकरणात बळाचा वापर एफआयआरमध्ये नव्हता, नंतरच्या जबाबांत आला, आणि ते न्यायालयाला पटलं नाही.

तडजोड करून हा गुन्हा खालच्या कोर्टात मिटवता येत नाही. हवालदार तयार झाला तरी उच्च न्यायालयात रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो, आणि तक्रारदार सरकारी नोकर असला की न्यायालय सहज मानत नाही.

एक काम आजच करा. आजूबाजूच्या दुकानदारांकडे जाऊन कॅमेऱ्याचं चित्रण मागा. थोड्या दिवसांत ते पुसलं जातं, आणि तारखेला वकील ‘चित्रण मागवा’ म्हणेपर्यंत उरलेलं नसतं. दुकानदार देत नसेल तर निदान ते जपून ठेवण्याबद्दल त्याला लेखी पत्र द्या, पोच घ्या.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न बघता तो मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. आणि तारीख चुकवू देऊ नका. पुकाऱ्याला गैरहजर राहिला की वॉरंट निघतं, मग मूळ केस बाजूला राहून ते रद्द करण्यातच दिवस जातात.

एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर सहसा मिळते. ती वाचून कलम आणि घटनेची तारीख कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.